कार्ड एका बँकेचं, यंत्र दुसऱ्या बँकेचं

जबलपूरच्या सदर बाजारात एखाद्याने स्टेट बँकेच्या एटीएममध्ये महाराष्ट्र बँकेचं कार्ड घातलं, तर त्या यंत्राला त्याच्या खात्याची काहीच माहिती नसते. कार्डावरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून बँक ओळखून मागणी राष्ट्रीय स्विचमार्फत महाराष्ट्र बँकेकडे जाते. शिल्लक तीच तपासते. तिचा होकार आला की नोटा बाहेर येतात. बँका आपसातला हिशेब मागाहून मिटवतात. यंत्र वापरल्याबद्दल खातेदाराची बँक दुसरीला शुल्कही देते: १ मे २०२५ पासून दर उचलीमागे १९ रुपये. फुकट काहीच नसतं, बिल फक्त आपल्याला दिसत नाही.

देशातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत बसलं. तेव्हा ज्याचं कार्ड त्याचंच यंत्र, असा मामला होता. १९९७ मध्ये बँकांच्या संघटनेने मुंबईत ‘स्वधन’ ही सामायिक जोडणी उभारली. ती २००३ पर्यंतच टिकली. २००४ मध्ये हैदराबादच्या रिझर्व्ह बँकप्रणीत संस्थेने ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ सुरू केला. तो २००९ अखेरीस मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आला.

कार्ड मात्र बहुतेक व्हिसा किंवा मास्टरकार्डचंच असे. २०१२ मध्ये याच कॉर्पोरेशनने ‘रुपे’ आणलं आणि २०१४ च्या जनधन खात्यांबरोबर ते खेडोपाडी पोचलं.

खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत मिळायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.