आधी डिकी उघडा

शोरूममध्ये गेलं की आधी पुढच्या सीटवर बसवतात. स्क्रीन किती इंची, छत उघडतं का, फोन कसा जोडायचा, सगळं सांगून होतं. ताई मात्र आपली पॉवर व्हीलचेअर घेऊन सरळ गाडीच्या मागच्या बाजूला जायची आणि म्हणायची, ‘आधी डिकी उघडा.’ मग मी पिशवीतून टेप काढायची.

ताईला लहानपणी पोलिओ झाला. शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी, सगळं तिने कॅलिपर आणि कुबड्यांवर केलं. पन्नाशी ओलांडल्यावर खांद्यांनी साथ सोडली. पोलिओ होऊन गेलेल्या अनेकांना कित्येक वर्षांनी हा दुसरा फेरा गाठतो. ज्या स्नायूंनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं तेच थकतात. आता ती घरात, बँकेत, बाजारात बॅटरीवरच्या खुर्चीत असते. एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हाताला धरायला काही असलं तर चार पावलं टाकते. गाडी ती पूर्वीपासून स्वतः चालवते, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने दाबायची सोय करून घेतलेली. नव्या गाडीसाठी तिची अट एकच होती. खुर्ची गाडीत चढवायला आणि उतरवायला दुसरं माणूस लागता कामा नये.

ही अट ऐकून पुण्यातला प्रत्येक सेल्समन आधी हसून पुढे यायचा. ‘आम्ही उचलतो ना मॅडम!’ दोघं मिळून खुर्ची उचलून डिकीत ठेवायचे आणि म्हणायचे, बघा, बसली. ताई शांतपणे विचारायची, ‘उद्या रात्री दहा वाजता दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तुम्ही दोघं याल का?’

आपल्याकडे मदतीला माणसांची वाण नाही. वॉचमन, रिक्षावाले, टपरीवरची पोरं हाक मारायच्या आत धावून येतात आणि मनापासून येतात. पण म्हणूनच गाडी बनवणाऱ्यांपासून घरच्यांपर्यंत सगळे ‘कुणीतरी उचलेल’ यावर निर्धास्त असतात. मला हे पटत नाही. ज्याला कुठे जायचं, कधी निघायचं हे त्या ‘कुणीतरी’च्या हिशोबाने ठरवावं लागतं, त्याच्या हातात गाडीची किल्ली असून उपयोग काय? शिवाय उचलणाऱ्याला खुर्ची कुठे धरायची ते माहीत नसतं. तो हात टेकायच्या दांड्याला धरतो, तो दांडा निघून त्याच्या हातात येतो. नाहीतर जॉयस्टिकला धरतो. अख्ख्या खुर्चीत सगळ्यात नाजूक भाग तोच.

म्हणून गाडीच्याही आधी खुर्ची मोजायची. ताईची खुर्ची पुढून मागे घडी होणारी, अ‍ॅल्युमिनियमची, लिथियम बॅटरीची. माहितीपत्रकातलं वजन आम्ही गृहीत धरलं नाही, रद्दीवाल्याच्या काट्यावर खुर्ची चढवली. काटा २७ किलोवर थांबला. पत्रकातला आकडा कितीतरी कमी होता, कारण तो बॅटरी काढून घेतलेला. खुर्ची घेणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं. लोखंडी सांगाड्याच्या, शिशाच्या दोन बॅटऱ्या असलेल्या खुर्च्या तर ४५-५० किलोच्या घरात जातात, आणि ज्यांना पाठ, मान, पाय सगळ्याला आधार लागतो त्यांच्या खुर्च्या शंभरच्या पुढे. घडी केल्यावर ताईची खुर्ची ६० सेंटिमीटर रुंद, ७८ उंच आणि ३८ जाड भरली. हे तीन आकडे आम्ही टेपवरच पेनाने लिहून ठेवले.

गाडीच्या माहितीपत्रकात यातला एकही आकडा जुळवता येत नाही. तिथे डिकी लिटरमध्ये असते. वॅगनआर ३४१ लिटर. लिटरने पाणी मोजता येतं, खुर्ची नाही. आम्हाला हवे होते वेगळे आकडे. डिकीचा उंबरा जमिनीपासून किती वर, उंबऱ्याच्या आत तळ किती खोल, दोन्ही बाजूंच्या चाकांच्या फुगवट्यांमध्ये सगळ्यात अरुंद जागा किती, झाकण उघडल्यावर वरच्या कडेपर्यंत किती उंची, आणि मागची काच तिरकी असल्यामुळे ती उंची आत जाताजाता किती कमी होते. एकाही शोरूममध्ये कुणाला हे माहीत नव्हतं. सध्या जिची सगळीकडे चलती आहे त्या छोट्या एसयूव्हीमध्ये उंबरा साधारण ७० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे ताई उभी राहिली की तिच्या मांडीच्याही वर. धडधाकट माणसालासुद्धा २७ किलो तिथवर उचलून, आत वाकून, पुन्हा खाली ठेवायचे तर कंबरेत चमक भरेल.

सीएनजी हा दुसरा अडसर. पुण्यात पेट्रोलचा भाव बघता जो तो सीएनजी सुचवतो, पण नेहमीच्या मोठ्या टाकीने डिकी जवळपास संपते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून एकाऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली. सामानाला ते ठीक. आम्हाला मात्र तळाखालीच मजबूत पकड हवी होती, कारण खुर्ची उचलायला डिकीत छोटी क्रेन बसवायची होती.

क्रेनकडे येण्याआधी एक गोष्ट, जी मला मोजमाप करता करता उशिरा दिसली आणि ताईला पहिल्यापासून ठाऊक होती. खुर्ची डिकीत गेली की ताई उभी असते गाडीच्या मागे, आणि तिला पोचायचं असतं ड्रायव्हरच्या दारापर्यंत. आपल्याकडे ड्रायव्हरचं दार उजवीकडे, म्हणजे रहदारीच्या बाजूला. एका हातात कुबडी, दुसरा हात गाडीच्या अंगावरून सरकवत तिला जावं लागतं. बाजूने दुचाक्या हॉर्न वाजवत घासून जातात. गाडीला बाहेरून धरायला तसं काहीच नसतं; मागच्या दाराचं हँडल एवढाच आधार, आणि काही मॉडेलमध्ये तेही काचेजवळ लपवलेलं, हातात न येणारं. गाडी जितकी लांब तितकी ही वाट लांब. साडेचार मीटरची ऐसपैस एसयूव्ही तिने याच एका कारणासाठी यादीतून काढली. प्रशस्त गाडी सोयीची, असं मी धरून चालले होते. तिच्यासाठी सोयीची गाडी म्हणजे शेपटीपासून स्टिअरिंगपर्यंत कमीत कमी पावलं.

मग खुर्ची मागच्या सरकत्या दारातून ड्रायव्हरच्या पाठीमागेच का ठेवू नये? आम्ही ईको बघितली. दार सरकतं, आतली जागा मोकळी. पण ईको ऑटोमॅटिकमध्ये येत नाही, आणि डाव्या पायाने क्लच दाबणं ताईला शक्य नाही. विषय तिथेच मिटला.

वॅगनआरवर आमचा जीव होता. उभट गाडी, बसायला-उतरायला सोपी, लांबीला आखूड. २०२५ च्या अखेरीस मारुतीने तिच्यासाठी फिरती सीटही आणली. पुढची सीट दाराकडे वळते, माणूस बाहेरच्या बाजूला तोंड करून बसतो, मग सीट आत फिरते. पुण्याच्याच एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत तिची चाचणी झाली. गुडघे न वाकणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती भेटेल त्याला सांगते. पण या सीटमुळे माणूस गाडीत जातो, खुर्ची रस्त्यावरच राहते. शिवाय ती सीट चालकाशेजारची. ताई बसणार स्टिअरिंगमागे. मारुतीचीच पालक कंपनी सुझुकी जपानमध्ये ‘स्पेसिया’ या इवल्या गाडीच्या मागे उतरती फळी लावून विकते. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीसकट आत जातो. ती गाडी वॅगनआरहून मोठी नाही. इथे ती विकत मिळत नाही, याला तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही. वॅगनआरची डिकी खोल पण आखूड निघाली. मागची सीट पाडल्याशिवाय खुर्ची आणि क्रेनचा खांब दोन्ही मावेनात.

शेवटी निवड झाली रेनो ट्रायबरची. लांबी चार मीटरच्या आत, क्लच दाबावा न लागणारा एएमटी गिअर, आणि तिसऱ्या रांगेच्या सीट मुळातच काढता येतील अशा केलेल्या. त्या काढल्या की डिकी ८४ लिटरवरून ६२५ लिटर होते. इथे लिटरचा आकडा पहिल्यांदाच उपयोगी पडला. टेप लावली तर चाकांच्या फुगवट्यांमध्ये खुर्ची आडवी बसत होती, वर बोटभर जागा उरत होती, आणि मधली रांग जागेवर होती, म्हणजे आईला मागे बसता येणार होतं.

क्रेन भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. परदेशात अशा क्रेन तयार मिळतात, मागवताही येतात. पण बिघडल्यावर दुरुस्तीला कुणाकडे जायचं, हा ताईचा प्रश्न होता. वर्कशॉपचे दादा एरवी कारखान्यांसाठी माल उचलायची यंत्रं बनवतात. त्यांनी सगळ्यात आधी ताईला गाडीच्या मागे उभं केलं आणि विचारलं, ‘ताई, तुमचा कुठला हात धरायला लागतो आणि कुठला मोकळा राहतो?’ इतक्या शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

उजव्या हाताने ती गाडी धरणार, कारण तिला नंतर उजवीकडूनच पुढे जायचं आहे. म्हणून खांब डाव्या कोपऱ्यात. खांब पत्र्यावर नुसता बोल्टने आवळला तर चार महिन्यांत पत्रा फाटेल, असं सांगून त्यांनी तळाच्या खालून जाड लोखंडी प्लेट लावली आणि वरचं टोक सीट अडकवायच्या मूळच्या जागेला बांधलं. २७ किलो हातात धरणं वेगळं आणि पाऊण मीटर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला लटकवणं वेगळं. सगळा जोर खांबाच्या बुडाशी येतो. पट्टा गुंडाळणारी मोटर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती फोन चार्ज करायच्या सॉकेटला जोडायची नाही, तिथला फ्यूज जाईल किंवा वायर तापेल. बॅटरीपासून वेगळी जाड केबल, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज. मग त्यांनी दांड्याला सिमेंटचं ५० किलोचं पोतं लटकवलं, टोकाची जमिनीपासूनची उंची खडूने भिंतीवर मांडली आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खडूची रेघ आणि दांड्याचं टोक जागच्या जागी होतं.

आता काम कसं चालतं ते सांगते. ताई खुर्ची डिकीला समांतर, हातभर अंतरावर लावते. उठून उजव्या हाताने डिकीच्या आतल्या कडेला बसवलेली मूठ धरते. डाव्या हाताने खुर्ची बंद करते, घडी पाडते. दांडा ओढून बाहेर आणते, पट्ट्याचा हूक खुर्चीच्या सांगाड्याला लावलेल्या कडीत अडकवते. ही कडी कुठे लावायची यात एक अख्खी दुपार गेली. ती खुर्चीच्या तोलाच्या बरोबर वर नसली तर खुर्ची उचलताना गर्रकन फिरते आणि जॉयस्टिक गाडीवर आपटतो. मग बटण. मोटर घुरघुरते, खुर्ची सावकाश वर येते, गाडीची शेपटी जराशी दबते. चाकं उंबऱ्याच्या वर आली की बटण सोडायचं, खुर्ची हाताने आत ढकलायची, दुसरं बटण दाबून खाली टेकवायची. शेवटी एक पट्टा खुर्चीवरून घेऊन तळाच्या कडीत आवळायचा. हा पट्टा ताई कधीच चुकवत नाही. गचकन ब्रेक लागला तर मोकळी खुर्ची मधल्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीत येईल.

डिकीचं झाकण उघडल्यावर तिच्या हाताच्या वर जात होतं, म्हणून त्याला आतून एक नाडा बांधलाय. आणि उतारावर गाडी उभी असली की दांडा आपोआप उताराकडे फिरतो, तेव्हा खुर्चीचं वजन एका हाताने आवरणं तिला जड जातं. त्यामुळे ती आता कुठेही गाडी लावताना आधी जमीन बघते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. गाडीत असा बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं. २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा ‘दिव्यांगजन’ हा वेगळा प्रकार आहे, तो भरायला विसरू नये. पूर्वी अस्थिव्यंग असलेल्यांना लहान गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. गाडीत बसवायच्या अशा साधनांच्या संचावर २०२१ मध्ये जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण वर्कशॉपमध्ये सुटं लोखंड आणि मोटर आणून बनवलेल्या क्रेनला तो दर लावून घेणं कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ तर सरकारने परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवासासाठी योजना आखाव्यात असं सांगतं, आणि त्यात गाड्यांमध्ये बदल करून देणं शब्दशः नमूद आहे. तशी योजना आली तर भोसरीच्या दादांसारखे कारागीर गावोगावी हे काम करतील. कसब आपल्याकडे आहेच.

तोवर ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवावी. शोरूमची फरशी सपाट असते आणि तिथे उचलायला माणसं असतात. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागे खुर्ची फिरवायला दीड मीटर उरतं का ते बघावं. ताईच्या जागेमागे नेहमी दोन स्कूटर लागायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने टेप पसरून जागा दाखवली, आणि पुढच्या रविवारी तिथे पिवळा पट्टा मारला गेला.