नाव कुणाचं, हक्क कुणाचा? (लेखांक ४) : पानिपतचे लिहिणारे

पानिपतच्या संहारानंतर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून रघुनाथ यादवाने त्या मोहिमेची बखर लिहिली. लिहवून घेणारी पेशव्यांची आई, लिहिणारा आज्ञेचा ताबेदार. तरी ती बखर रघुनाथ यादवाचीच म्हणून ओळखली जाते. भाऊसाहेबांच्या बखरीच्या नशिबी हे आलं नाही. कुठे कृष्णाजी शामराव, कुठे चिंतो कृष्ण वळे अशी नावं सांगितली जातात. इतकं जिवंत मराठी गद्य ज्याच्या हातून उतरलं, त्याचं नाव ठामपणे घेता येऊ नये याची मला खंत वाटते.

याच पानिपतात १८३७ साली जन्मलेले उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली काही वर्षं लाहोरच्या सरकारी बुक डेपोत होते. इंग्रजीतून उर्दूत झालेल्या भाषांतरांची भाषा दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पुस्तक दुसऱ्याचं, पण वाक्यांवरून हात हालींचा फिरलेला. मात्र ते पगारी नोकर होते, आणि आजचा कायदा याच मुद्द्यापाशी वाट बदलतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम लेखकालाच पहिला मालक मानतं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं आणि वेगळा करार नसेल, तर हक्क नोकरी देणाऱ्याचा. फ्रीलान्स लेखक नोकर नसतो. पैसे देऊन फोटो किंवा चित्र काढून घेतलं तर हक्क सहसा पैसे देणाऱ्याकडे जातो. लिखित मजकूर मात्र त्या यादीत नाही. समजा, पानिपतच्या एखाद्या ब्लँकेट कारखानदाराने पुण्याच्या लेखकाकडून आत्मचरित्र लिहून घेतलं, पैसेही चुकते केले, पण सहीचा कागद केला नाही. तर मजकुराचा हक्क लेखकाकडेच राहतो. जाहीर भाषणाचं उलट आहे. भाषण कुणीही लिहून दिलेलं असो, पहिला हक्क ते करणाऱ्याचा, किंवा ज्याच्या वतीने केलं त्याचा.

१९व्या कलमानुसार हक्क लेखीच द्यावा लागतो, तोंडी शब्द पुरत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. लिहून घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं?

हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार ५७वं कलम लेखकाकडे ठेवतं. तो आपखुशीने सोडता येतो का? ‘नानक शाह फकीर’ या चित्रपटाच्या श्रेयावरून झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलं, करारात स्वेच्छेने सोडता येतो. म्हणून सही करण्याआधी ते कलम नीट वाचायला हवं. मराठी पुस्तकांत ‘शब्दांकन’ म्हणून आतल्या पानावर नाव देण्याची चांगली रीत आहे, ती तरी मागावी. तीही मिळणार नसेल, तर अनामिक राहण्याचा मोबदला वेगळा ठरवावा.

आता दुसरी बाजू. घटना, कल्पना यांना कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे लेखकाच्या वाक्यांना कायद्याचं संरक्षण आहे, पण सांगणाऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या घरच्या भांडणाला, जुन्या कर्जाला, आजारपणाला कॉपीराइट कायदा वाचवत नाही. तिथे आधार गोपनीयतेच्या कराराचा आणि लेखकाच्या शब्दाचा. ‘मी लिहिलं हे सांगणार नाही’ आणि ‘तुम्ही सांगितलेलं बाहेर जाणार नाही’ ही दोन वेगळी वचनं आहेत, आणि करारांत ती सर्रास एकाच वाक्यात कोंबलेली दिसतात. ती सुटी करून घ्यावीत. पहिल्याला मुदत असू शकते, दुसऱ्याला नसावी असं माझं ठाम मत आहे. ध्वनिमुद्रणं कुणाकडे राहणार, कधी पुसायची, नवं काम मिळवताना नमुना म्हणून चार पानं दाखवता येतील का, हेही त्यातच लिहावं.

पैसे बुडाले तर काय? ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होईल’ ही एक ओळ करारात असू द्यावी. मग देणं थकलं तरी पुस्तक अडवता येतं, त्यासाठी समोरच्याचं गुपित फोडावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात : रॉयल्टी.