लिनक्स वितरणातील सामायिक लायब्ररी व आवृत्ती-व्यवस्थापन

प्रस्तावना : गेवराईसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेस स्वतंत्र तंत्रज्ञ लाभतोच असे नाही; देखभालीची जबाबदारी बहुधा प्राध्यापकांवरच येते. लिनक्स प्रणालीत एखादे पॅकेज बाहेरून आणून बसविल्यास पूर्वीचे दुसरे पॅकेज बंद पडू शकते. यामागील कारणमीमांसा प्रस्तुत लेखात डेबियन या वितरणाच्या आधारे केली आहे. सी-डॅकने २००७ साली प्रकाशित केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच आधारित असल्याने हे विवेचन तिलाही लागू पडते.

सामायिक लायब्ररी : अनेक प्रोग्रॅमना लागणारी समान कार्ये ज्या संचात एकत्रित केलेली असतात, त्यास लायब्ररी म्हणतात. उदाहरणार्थ, मराठी जोडाक्षरे जुळविणे, रफार व ऱ्हस्व वेलांटी योग्य स्थानी मांडणे हे कार्य 'हार्फबझ' ही लायब्ररी करते. डेबियनमध्ये तिची एकच प्रत लिबरऑफिस व ग्नोममधील प्रोग्रॅम मिळून वापरतात. तिच्यात सुधारणा झाली की तिचा लाभ सर्वांना एकाच वेळी मिळतो. याउलट, लिबरऑफिस त्याच्या निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून आणून बसविल्यास त्यासोबत हार्फबझची स्वतंत्र प्रत येते आणि वितरणाने केलेली दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आवृत्ती व अवलंबित्व : प्रत्येक पॅकेज आपणास कोणती लायब्ररी व किमान कोणती आवृत्ती लागते, हे नमूद करते. लायब्ररीत जुने प्रोग्रॅम चालू शकणार नाहीत असा बदल झाल्यास तिचे नावच बदलले जाते. डेबियन ११ (२०२१) मधील 'लिबएसएसएल १.१' च्या जागी डेबियन १२ (२०२३) मध्ये 'लिबएसएसएल ३' आली, ती याच कारणाने. अशा वेळी तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नव्या लायब्ररीशी जोडून पुन्हा बांधावी लागतात. या प्रक्रियेस संक्रमण म्हणतात. म्हणूनच नव्या वितरणातील एखादे पॅकेज जुन्या प्रणालीत बसविताना ते सोबत नवी मूलभूत लायब्ररी मागते, आणि एका पॅकेजपायी प्रणालीचा मोठा भाग बदलण्याची वेळ येते.

सुरक्षाविषयक बाजू : एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष उघडकीस आला. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियनने मात्र आपल्या स्थिर वितरणात १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तीत फक्त दोषाची दुरुस्ती केली. परिणामी सामायिक प्रत वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा न बांधता सुरक्षित झाले. ते केवळ पुन्हा सुरू करणे आवश्यक होते. ज्या प्रोग्रॅममध्ये सदोष लायब्ररीची खासगी प्रत होती, ते मात्र त्यांची स्वतंत्र दुरुस्ती होईपर्यंत असुरक्षितच राहिले. यावरून केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून लायब्ररी सदोष की निर्दोष हे ठरविता येत नाही, हेही स्पष्ट होते.

समारोप : सामायिक लायब्ररीची व्यवस्था नावीन्याचा वेग काहीसा कमी करते, परंतु त्या बदल्यात एका दुरुस्तीने संपूर्ण प्रणाली सुरक्षित करण्याची सोय देते. प्रयोगशाळेत नवे पॅकेज हवे असल्यास प्रथम वितरणाचे स्थिर भांडार, त्यानंतर स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेले 'बॅकपोर्ट्स' भांडार पाहावे. बाहेरील पॅकेज अपरिहार्य असल्यास त्याची नोंद ठेवावी, कारण त्याच्या सुरक्षेची जबाबदारी वितरणाकडून वापरकर्त्याकडे आलेली असते.