कुंडलिकेचे पाणी आणि दळीवरचे झाड

१९२७ साली आपल्या कुलाबा जिल्ह्यात पाण्याच्या दोन घटना घडल्या. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्याच साली रोह्याच्या वरच्या अंगाला, भिरा येथे, मुळशी धरणाच्या पाण्यावर टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांची जमीन गेली, वीज मुंबईला गेली आणि वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत आले. म्हणूनच कोकणातल्या अनेक नद्या उन्हाळ्यात आटतात, पण कुंडलिका वाहते. कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यावरून निघणारे कालवे, उन्हाळी भात, गावांच्या पाणी योजना आणि धाटावची औद्योगिक वसाहत याच पाण्यावर उभी आहेत.

पाण्याला हात लावण्याचा हक्क आमच्या बापजाद्यांनी लढून मिळवला. आज प्रश्न पुढचा आहे. हक्काचे ते पाणी तोंडात घेण्याजोगे राहणार काय?

नदी खराब झाली म्हटले की बोट धाटावकडे जाते, आणि ते जायलाच हवे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा नदीनाल्यात विषारी द्रव्य सोडण्यास मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात निर्मळ पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. रसायनाच्या पाण्याला झाडे लावणे हा उतारा नाही. कोणी तसे सांगत असेल तर ती धूळफेक समजावी. ती लढाई न्यायालयात आणि रस्त्यावरच लढावी लागेल.

परंतु नदीत जाते ते सारेच कारखान्यातून येत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना तांबडे पाणी येते. ती डोंगरउताराची माती असते. उतारावरची वरकस जमीन दरवर्षी भाजून, उकरून मोकळी केली की ऐन पावसाच्या तोंडावर ती उघडी पडते. खाली भातात टाकलेल्या युरियाचा काही भागही त्याच पाण्याबरोबर नदीत उतरतो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या लोकांना ठाऊक आहे. एकदा लावले की वर्षानुवर्षे जमिनीत मुळे धरून राहणारी पिके हा तो उपाय. काजू, आंबा, फणस, रातांबा, आवळा, शेवगा आणि बांबू उताराला लावावेत. त्यांच्या सावलीत सुरण, करांदे, अळू आणि बांधाला वाळा. मुळे माती बांधतात, पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, पाणी धावण्याऐवजी मुरते. नाचणी-वरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. ती सपाट तुकड्यावर घ्यावी, उतार झाडांना द्यावा. जगातही आता ही वाट शोधली जात आहे. चीनमधील युन्नान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एकदा लावून चार वर्षांत आठ वेळा कापता येणारे भात तयार केले आहे.

मग लोक झाडे का लावत नाहीत? वकिलीच्या टेबलावर या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. ‘साहेब, झाड लावू, पण ते मोठं झाल्यावर खाणार कोण?’ नाचणी चार-पाच महिन्यांत हाती येते. काजूला तीन-चार वर्षे लागतात, रातांब्याला त्याहून अधिक. ज्याला पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही, तो दहा वर्षांचे झाड कसे लावील? कुळाने लावलेले झाड म्हणजे कब्जाचा पुरावा, हे जमीनदाराला नेमके कळते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच कोकणातल्या कुळांसाठी.

रोहा-सुधागडच्या डोंगरात कातकरी-ठाकूर बांधव इंग्रजांच्या काळापासून दळी जमिनी कसत आले. पिढ्या गेल्या तरी मालकी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा दार उघडले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा हक्क, चार हेक्टरपर्यंत. तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. पुराव्यात वृद्धांचा जबाब आणि शेतातले बांधही चालतात. आदिवासी नसलेल्या वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांचे दावे अडकले किंवा कसतात त्याहून कमी जमीन मंजूर झाली, त्यांची कागदपत्रे तयार करणे हे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. बांबूचे म्हणाल तर वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर काढला आहे.

राहिला खाण्याचा प्रश्न. पावसाच्या सुरुवातीला रोह्याच्या बाजारात कातकरी भगिनी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळाचा कंद जमिनीतच राहतो, दरवर्षी आपोआप फुटतो. त्याला नांगर नको, खत नको. कोबी-फ्लॉवर मुकाट्याने मागेल त्या भावात घेणारे गिऱ्हाईक या जुडीसाठी मात्र घासाघीस करते. आणि आमच्यातलेही काही शिकले-सवरलेले ‘हे जंगली खाणे’ म्हणून पुढे जातात. करांदे, भारंगी, फोडशी, वास्ते हे आपल्या आयांनी शिजवलेले अन्न आहे. त्याची लाज कसली? त्याला भाव मिळाला तरच डोंगरावरची मुळे जमिनीत राहतील.

वाटसरूंसाठी झाडे लावणाऱ्या आणि विहिरी खोदणाऱ्या सम्राट अशोकाचे लेख याच कोकणात सोपाऱ्याला सापडले. रोह्याच्या दक्षिणेला कुडा लेण्यांत एका माळ्याने दिलेल्या दानाची नोंद दगडात कोरलेली आहे. झाड आणि पाणी यांचे नाते आपल्या वारशात आहे. म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. धाटावच्या सांडपाण्याचा हिशेब मागा, दळीच्या हक्काचा कागद मिळवा आणि कागद हाती येताच उतारावर रातांबा लावा. चवदार तळ्यावर आपण पाणी मिळवले. आता ते सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच आहे.