ची... ची... घर्रर्र!

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. 'एकोणीस' आणि 'एकोणतीस' यात मी अजूनही गडबडते (ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे!). तेव्हा चुकलं-माकलं संपादक मंडळाने पोटात घालावं.

गोष्ट गेल्या दिवाळीची. भाऊबीजेसाठी आम्ही सगळे नाशिकहून डोंबिवलीला मामाकडे निघालो होतो. गाडी म्हणजे बाबांची जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. गेला महिनाभर ब्रेक दाबला की पुढून 'ची... ची...' असा बारीक आवाज यायचा. बाबांचं निदान : "धूळ गेली असेल." उपाय : रेडिओ मोठा करणे! कसारा घाटात मात्र त्या 'ची ची'चं 'घर्रर्र' झालं. जळकट वास यायला लागला. मागे ट्रक, पुढे वळण आणि आई एकदम गप्प. माझी आई गाडीत गप्प बसली म्हणजे मामला सीरियस.

घाट उतरून एका टपरीपाशी थांबलो. टपरीवरचा पोरगा बिचारा मदत म्हणून पाण्याचा जग घेऊन आला. तो चाकावर ओतणार इतक्यात एक ट्रक ड्रायव्हर ओरडले, "अरे थांब! प्लेट तडकेल." बरोबरच होतं त्यांचं. डिस्क बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. बराच वेळ थांबलो आणि मग रडतखडत डोंबिवली गाठली.

खरं सांगू? मला लाज वाटली. व्हायव्हामध्ये याच डिस्क ब्रेकची आकृती काढून मी एक्स्टर्नलकडून 'गुड' मिळवलं होतं. आणि महिनाभर 'ची ची' ऐकून मला काहीही कळलं नव्हतं.

तर मित्रांनो, आधी थोडी थिअरी. चाकाबरोबर डिस्क फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक पॅड असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पॅडना डिस्कवर आवळतो. गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. 1000 किलोची गाडी 60 च्या स्पीडवरून थांबवली की साधारण 139 किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळेल, म्हणजे आमच्या विंगमधल्या चार-पाच जणांचं कटिंग सुटलं! आता तीच गाडी 300 मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा हिशेब होतो 2940 किलोज्यूल, म्हणजे 60 वरून 21 वेळा थांबण्याइतका. यातला थोडा वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेला इंजिनने घेतला नाही तर ब्रेकच्याच गळ्यात पडतो.

आणि बाबा पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरतात!

दुसऱ्या दिवशी मामाच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. मी म्हटलं, "काका, मी करू? तुम्ही फक्त सांगा." काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "करा ताई. एकोणीसचा पाना द्या." मी मनातल्या मनात इंग्लिशमध्ये मोजेपर्यंत त्यांनी स्वतःच उचलला.

मागच्या चाकांना विटा लावल्या. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग जॅक लावला आणि खाली घोडी ठेवली. (नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही, हा काकांचा पहिला नियम.) कॅलिपर सुटल्यावर तो तारेने वर बांधला, कारण तो रबरी होजवर लोंबकळला तर होजची वाट लागते. पॅड हातात आले आणि मी बघतच राहिले. नव्या पॅडवर साधारण 10 मिलिमीटर जाडीचं लायनिंग असतं, 3 मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं. आमच्या आतल्या पॅडवर काहीच उरलं नव्हतं. मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती.

काकांनी पॅडच्या कडेची स्टीलची छोटी पत्ती दाखवली. पॅड झिजत आला की ही पत्ती डिस्कला टेकते आणि 'ची ची' करते. तिचं कामच ते! "गाडी महिनाभर ओरडत होती," काका म्हणाले, "तुम्ही गाणी ऐकत बसलात." बाबा तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेले.

डिस्कवर नखाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या. किती पातळ झालेली चालेल हे डिस्कवरच कोरलेलं असतं. आमची त्याहूनही खाली गेली होती. म्हणजे आधी फक्त पॅडवर भागलं असतं, आता डिस्कही नवीन. तीही दोन्ही चाकांची, कारण एकाच बाजूला नवीन टाकलं तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

जुनी डिस्क गंजून हबला चिकटली होती. ती काढल्यावर काकांनी मला वायर ब्रशने हब घासायला बसवलं, चांगली वीस मिनिटं. तिथे गंजाचा कण जरी राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि नंतर पेडल थरथरतं. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल क्लीनरने पुसलं. कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावलं, पण पॅडला आणि डिस्कला त्याचा बोटभरही स्पर्श नाही.

मग पिस्टन क्लॅम्पने मागे ढकलला, आणि बॉनेटखालून ब्रेक ऑइल बाहेर सांडलं! पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतलं ऑइल खाली जातं. बाबांनी ते दोनदा भरलं होतं. म्हणजे गाडीने आवाजाबरोबर ही खूणही दिली होती, आणि आम्ही तीच भरून टाकली. हे ऑइल रंग खातं, म्हणून लगेच पाण्याने धुतलं.

सगळं बसलं. चाकं लावली, नट समोरासमोरचे आवळले. मी ऐटीत ड्रायव्हिंग सीटवर बसले, इंजिन चालू, पहिला गिअर. गाडी जरा सरकली आणि मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला! समोर बाबा उभे होते, हातात चहाचे ग्लास. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात गाडी धप्प करून थांबली. काकांनी पुढच्या चाकासमोर आधीच एक ओंडका ठेवला होता.

"पिस्टन मागे ढकललात ना ताई? मग त्याला परत पॅडपर्यंत कोण आणणार? गाडी हलवायच्या आधी पेडल मारायचं, कडक होईपर्यंत. शिकाऊ पोरगा एकदा हे विसरतोच, म्हणून मी ओंडका ठेवतो."

आकृतीत तो पिस्टन मी कितीतरी वेळा काढला होता. पण तो मागे गेला तर पायाखाली काय होतं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परत येताना घरी लेक्चर मी दिलं. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर बहुतेक वेळा पेट्रोलच बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बाबांची बचत झालीच नाही, उलट डिस्क गेली! नवे पॅड बसेपर्यंत पहिले 200-300 किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, हेही सांगितलं. बाबांनी ऐकलं. तेही रेडिओ बंद ठेवून.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही डिस्क ब्रेकवाल्या बाईक्स पुष्कळ आहेत. आज मेसला जाताना टॉर्च मारून आपल्या पॅडची जाडी बघा. आणि हो, सरांच्या गाडीतूनही 'ची ची' येत असेल तर त्यांना धीर करून सांगा. सबमिशनच्या सह्या झाल्यावर, अर्थात!