लोडर का उचलेना?

आमच्याकडे एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला पुढे लोडर लावला आहे. त्याच्या बकेटने आम्ही उकिरड्यावरचे खत ट्रॉलीत भरतो. मागच्या मे महिन्यात हा लोडर बिघडला. बकेट थरथरत वर जायची, मध्येच थांबायची आणि पंप गुरगुरायचा. मृग जवळ आला होता. पाऊस पडला की आमच्या काळ्या रानात ट्रॉली फसते. एक जण पाहून म्हणाला, "पंप गेला, नवा टाका." रात्री बाबा आईला म्हणाले, "पंप घेतला तर पऱ्हाटीच्या बियाण्याले पैसे कुठून आणू?" ते ऐकून मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले. ते मिस्त्री आहेत. म्हणाले, "काहून घाई करता भाऊजी? पयले बिनपैशाचं पाहू."

मित्रांनो, लोडर तेलाच्या दाबावर चालतो. पंप टाकीतले तेल ओढतो आणि सिलिंडरमध्ये ढकलतो. तेल दबत नाही, म्हणून दांडा पुढे सरकतो. फ्रान्सच्या पास्कल या शास्त्रज्ञाने १७ व्या शतकात हा नियम सांगितला. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १ किलो भार दिला, तर २० चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या २० किलो उचलतो. पण तेलात हवा शिरली, तर आधी हवाच दबते आणि बकेट थरथरते.

मामांनी असे तपासले :

१) बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केले, लिव्हर पुढे-मागे हलवून उरलेला दाब सोडला.

२) तेल पाहिले. माप बरोबर होते, पण तेलावर फेस होता. म्हणजे हवा! तेल दुधासारखे दिसले असते, तर पाणी शिरले असे समजायचे.

३) गाळणी काढून धुतली. गाळणी तुंबली तरी पंप ओरडतो.

४) खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. मग हवा कुठून येते? मामांनी टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जोडाला ग्रीस फासले आणि इंजिन चालू केले. गुरगुर थांबली! ही नळी तेल ओढते, म्हणून तिथून तेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. नळीचे टोक चिरले होते. तेवढे कापून नवी क्लिप आवळली. पंप चांगलाच होता.

इतर खुणाही मामांनी सांगितल्या. रिकामी बकेट उचलते पण भरलेली नाही, तर पंप झिजला असेल किंवा दाबाचा व्हॉल्व्ह सैल असेल. उचललेली बकेट आपोआप खाली येते, तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो.

मी गळती शोधायला नळीवर बोट फिरवणार होतो. मामा जोरात ओरडले. या नळ्यांत दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोहूनही जास्त दाब असू शकतो. बारीक धार कातडीत सुईसारखी घुसते. तसे झाले तर दुखत नसले तरी लगेच दवाखान्यात जावे. गळती पुठ्ठ्याने पाहावी. आणि उचललेल्या बकेटखाली कोणीही, कधीही जाऊ नये.

पाऊस येण्याआधी आमचे सगळे खत शेतात पडले, बियाणेही आले. दोन नव्या, बिनसुईच्या सिरिंज आणि एक नळी वर्गात ठेवली आहे. आधी पाणी भरून दाबा, मग थोडी हवा घेऊन दाबा. आई-बाबांनाही दाखवा.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी