थांबलेल्या कामाचा हिशेब

बस-ट्रकना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे करण्याच्या बातम्या आल्यापासून चर्चा चालू आहे ती कॅमेरा, रडार आणि वाढणाऱ्या किमतीची. मला काळजी वाटते ती या सगळ्यामागे बसलेल्या प्रोसेसरची. कॅमेऱ्याचं चित्र येणं आणि ब्रेकला हुकूम सुटणं, यांच्या मध्ये कामांची रांग असते. ताशी ६० किलोमीटरने धावणारी बस १०० मिलिसेकंदांत दीड मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणून त्या रांगेत कुठल्या कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे गाडी रस्त्यावर येण्याआधीच सिद्ध करावं लागतं.

या रांगेचं गणित १९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी मांडलं. त्याचा पाया आजही तोच आहे. पण त्यात एक गृहीतक आहे: वरच्या प्राधान्याच्या कामाने बाजूला सारलं तरच काम थांबेल, आपणहून नाही. आता चित्र ओळखण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे दिलं जातं आणि उत्तर येईपर्यंत मूळ काम झोपी जातं. याला म्हणतात सेल्फ-सस्पेंडिंग टास्क.

बँकेच्या खिडकीवर पुढचा माणूस "आलोच झेरॉक्स काढून" म्हणत निघून जातो. खिडकी मोकळी झाली म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण तो परत येतो तो थेट पुढेच उभा राहतो. प्रोसेसरमध्येही हेच होतं.

आकडे घेऊन पाहू. वरच्या प्राधान्याचं काम दर १० मिलिसेकंदांनी येतं आणि ५ मिलिसेकंद प्रोसेसर वापरतं. खालच्या कामालाही ५ हवेत आणि ते १० मिलिसेकंदांत संपायला हवं. जुन्या गणिताने दोन्ही नेमकी बसतात. आता वरचं काम पहिल्या खेपेला उत्तराची वाट पाहत ५ मिलिसेकंद झोपलं आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंत चाललं. दहाव्याला त्याची दुसरी खेप आली. या वेळी उत्तर तयारच होतं, म्हणून ती लगेच सुरू होऊन पंधराव्यापर्यंत चालली. खालचं काम पाचव्याला आलं असेल, तर पंधराव्यापर्यंत त्याच्या वाट्याला एकही मिलिसेकंद येत नाही. वरच्याने मात्र नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त प्रोसेसर कधीच वापरलेला नसतो! दुसऱ्या खेपेलाही ते ५ मिलिसेकंद झोपलं असतं, तर खालचं काम वेळेत झालं असतं. घोटाळा झाला तो उत्तर लवकर आल्यामुळे.

भले भले संशोधकही इथे चुकले. वरचं काम फार तर जितकं झोपतं तितकंच उशिरा सुरू होईल, असं धरून २००४ च्या सुमारास नील ऑड्स्ली आणि कॉन्स्टँटिनोस ब्लेटसास यांनी सूत्रं दिली. पण जागं झालेल्या कामाला त्याच्याहून वरची कामं अडवू शकतात, त्यामुळे खरा उशीर झोपेपेक्षा मोठा असू शकतो. तसं पाहिलं तर सूत्र असुरक्षित ठरतं. २०१९ मध्ये जियान-जिया चेन यांच्यासह १३ जणांनी या विषयाचा सविस्तर आढावा घेतला आणि अशा चुका एकेक करून नोंदवल्या. त्या १३ जणांत ऑड्स्ली आणि ब्लेटसास दोघेही आहेत. त्याआधी आपल्या जुन्या निबंधांचं शुद्धिपत्रही त्यांनी स्वतः सहलेखक होऊन काढलं होतं. या विषयात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचा. सूत्र कागदावर चुकलं तर शुद्धिपत्र निघतं, पण गाडीत बसलेलं सूत्र कुठे कुठे पोचलं हे शोधत फिरावं लागतं.

झोपेचा वेळही कामातच धरणं, हा एक सुरक्षित मार्ग आहे. पण ग्राफिक्स चिपची वाट पाहण्यात बराच वेळ जात असेल, तर कागदावर प्रोसेसर भरलेला दिसतो आणि प्रत्यक्षात रिकामा बसतो. मग महागडी चिप घ्या, नाहीतर बारकाईचं विश्लेषण करा. खर्च वाचवण्यासाठी तिसरी वाट निघते ती "चाचणीत तर सगळं ठीक चाललं" अशी. ती मला मान्य नाही.

वाहनांच्या चाचण्या आणि प्रमाणनाचं मोठं काम पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये चालतं. ट्रॅकवर पुतळ्यापुढे बस थांबली पाहिजेच. पण ब्रेकची यंत्रणा घेऊन येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वेळेचं विश्लेषणही मागून घ्यावं. त्यात ग्राफिक्स चिपचं उत्तर उशिरा आलं तर काय होईल, हे लिहिलेलं असेलच. ते लवकर आलं तर काय होईल, तेही लिहिलेलं असायला हवं.